मायक्रोकंट्रोलर कोणता घेऊ? आधी कागद घ्या, मग कार्ट भरा

आजचा भाग आकड्यांचा आहे. बसमध्ये उभं राहून ऐकताना आकडे डोक्यात राहत नाहीत, हे मला माहीत आहे, म्हणून हा भाग लिहूनही ठेवलाय. बोलणं जवळपास तसंच आहे, हिशेब तेवढे जरा नीट मांडलेत.

सगळ्यात जास्त येणारा मेसेज कोणता, सांगू? "दादा, प्रोजेक्टसाठी कोणता मायक्रोकंट्रोलर घेऊ? ईएसपी३२ चांगला की एसटीएम३२?" बास, एवढंच. प्रोजेक्ट काय आहे, ते मेसेजमध्ये नसतंच! हे म्हणजे "दादा, गाडी कोणती घेऊ?" असं विचारण्यासारखं झालं. ऊस वाहायचाय की कॉलेजला जायचंय, ते कळल्याशिवाय काय सांगणार?

म्हणून आज एकच प्रोजेक्ट घेऊ आणि कोऱ्या कागदापासून चिपपर्यंत जाऊ. चिपचं नाव शेवटी येईल. सुरुवात कामापासून.

काम काय आहे?

समजा, आपल्याला शेतात लावायचा एक छोटा डबा करायचाय. जमिनीतली ओल मोजायची, मातीचं तापमान मोजायचं आणि ते आकडे घरापर्यंत पाठवायचे. शेतकरी मोबाईलवर बघणार आणि ठिबक कधी सुरू करायचं ते ठरवणार. शेत घरापासून ६०० मीटरवर. तिथे विजेची सोय नाही, म्हणजे सगळं बॅटरीवर. असे पन्नास डबे करायचेत. अशा प्रत्येक डब्याला 'नोड' म्हणतात, आपणही तेच म्हणू.

आता यात धोका कुठे आहे, ते आधी बघा. नोड बंद पडला तर काय होईल? तुम्ही म्हणाल, आकडा येणार नाही. पण बऱ्याच ॲपमध्ये शेवटचा आलेला आकडाच स्क्रीनवर राहतो. म्हणजे मंगळवारी बॅटरी संपली आणि मंगळवारी 'ओल भरपूर' असा आकडा आला होता, तर पुढच्या सोमवारीही ॲप 'ओल भरपूर' असंच सांगणार. शेतकरी निर्धास्त, आणि तिकडे ऐन उन्हाळ्यात रोपं माना टाकतायत. नोड नसता तर माणसाने स्वतः जाऊन माती चिमटीत धरून बघितली असती. मुकाट्याने मेलेला नोड हा नसलेल्या नोडपेक्षा वाईट.

म्हणजे चिप निवडणं हा नुसता हौसेचा विषय नाही. कुणीतरी त्या डब्यावर विसंबून असतं. हे डोक्यात ठेवून पुढे जाऊ.

आधी नाही म्हणायला शिका

बाजारात हजारो मायक्रोकंट्रोलर आहेत. त्यातून 'सगळ्यात चांगला' शोधायला गेलात तर सेमिस्टर संपेल. त्यापेक्षा उलटं करा. ज्या अटींवर तडजोड होऊच शकत नाही अशा दोन-तीन अटी लिहा, आणि त्या न पाळणाऱ्या चिप एकेक करून काढून टाका.

आपल्या नोडच्या अटी कोणत्या? एक, ६०० मीटर अंतर. दोन, एका सेलवर किमान एक हंगाम, म्हणजे सहा महिने चाललं पाहिजे. पन्नास डबे उघडून दर आठवड्याला चार्जिंग करायला कुणी जाणार नाही. तीन, पन्नास नगांसाठी चिप मिळाली पाहिजे, आणि पुढच्या वर्षीही मिळाली पाहिजे.

किती मेगाहर्ट्झ, किती कोअर हे या यादीत आलेलंच नाही, लक्षात आलं का? कारण ओल मोजायला वेग लागत नाही. पंधरा मिनिटांतून एकदा एक आकडा वाचायचा, तो पाठवायचा आणि झोपायचं. या डब्याचं ९९ टक्क्यांहून जास्त आयुष्य झोपेत जाणार. मग ती चिप धावते किती, यापेक्षा झोपते कशी, हे महत्त्वाचं.

बॅटरीचा हिशेब

आता कागद घ्या. खरंच घ्या, मोबाईलवरच्या नोट्स असल्या तरी चालतील.

हिशेब साधा आहे. जागं असताना लागणारा करंट गुणिले जागं असण्याचे सेकंद. त्याला दोन वेळा जागं होण्यामधल्या सेकंदांनी भागा. त्यात झोपेतला करंट मिळवा. आला सरासरी करंट. बॅटरीच्या क्षमतेला या सरासरीने भागलं की किती तास चालेल ते कळतं.

सेल धरू १८६५० आकाराचा, लिथियम-आयन, २४०० एमएएच. जागं व्हायचं दर १५ मिनिटांनी, म्हणजे दर ९०० सेकंदांनी.

पहिला उमेदवार सगळ्यांचा लाडका, ईएसपी३२. शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीने २०१६ मध्ये आणला. २४० मेगाहर्ट्झपर्यंत वेग, दोन कोअर, ५२० केबी रॅम, वाय-फाय आणि ब्लूटूथ आतच. डीप स्लीपमध्ये टायमर चालू ठेवून चिप सुमारे १० मायक्रोअँप घेते. वाय-फायला जोडून आकडा पाठवायला ४ सेकंद आणि त्या काळात सरासरी १२० मिलिअँप असं धरू.

४ गुणिले १२० म्हणजे ४८०. भागिले ९०० म्हणजे ०.५३ मिलिअँप. झोपेतले १० मायक्रोअँप आणि चांगल्या रेग्युलेटरचे ५ मायक्रोअँप मिळवले तर ०.५५ च्या आसपास. २४०० भागिले ०.५५ म्हणजे साधारण ४,३६० तास. दिवसांत सांगायचं तर १८२ दिवस. अरे वा, सहा महिने! पास?

थांबा. हा झाला नुसत्या चिपचा हिशेब. तुम्ही विकत काय आणता? डेव्हलपमेंट बोर्ड. त्यावर चिपबरोबर यूएसबीची वेगळी चिप असते, लाल पॉवर एलईडी असतो, आणि बऱ्याच बोर्डांवर एएमएस१११७ नावाचा रेग्युलेटर असतो. हा रेग्युलेटर काहीही काम नसताना एकटाच सुमारे ५ मिलिअँप पितो. मायक्रो नाही बरं का, मिली! सगळं मिळून बोर्डाचा झोपेतला खर्च १० मिलिअँप धरा. आता सरासरी झाली १०.५ मिलिअँप. २४०० भागिले १०.५ म्हणजे २२८ तास. साडेनऊ दिवस.

चिप तीच, कोड तोच, सेल तोच. एका हिशेबात सहा महिने, दुसऱ्यात साडेनऊ दिवस. "ईएसपी३२ बॅटरी खातो" ही तक्रार तुम्ही ऐकली असेल. बहुतेक वेळा चोर चिप नसते, तिच्या आजूबाजूचे पाहुणे असतात.

आणखी एक गंमत बघा. नेटवर्क कमकुवत असेल तर? नोड चार सेकंदांऐवजी तीस सेकंद जोडणीसाठी धडपडत राहिला, तर ३० गुणिले १२० म्हणजे ३६००, भागिले ९०० म्हणजे ४ मिलिअँप. बोर्ड कितीही चांगला असो, सेल २५ दिवसांत संपला. म्हणून कोडमध्ये 'इतक्या सेकंदांत जोडलं नाही तर गप झोप' अशी मर्यादा घालायलाच हवी. हे काम चिप करून देत नाही, ते आपलं आपण करायचं.

पंधरा मिनिटं कुणी ठरवली?

आता मला सांगा, दर १५ मिनिटांनी आकडा पाठवायचा हे कुणी ठरवलं? मीच वर ठरवलं, आणि तुम्ही मान्य केलंत! जमिनीतली ओल १५ मिनिटांत अशी किती बदलते? पाणी सोडलं नसेल तर जवळपास काहीच नाही. तासाला एक आकडा भरपूर झाला.

तासाला एकदा केलं तर ४८० भागिले ३६००, म्हणजे ०.१३ मिलिअँप. झोपेतला खर्च मिळवून ०.१५ धरू. २४०० भागिले ०.१५ म्हणजे १६,००० तास, बावीस महिने. चिप बदलली नाही, बॅटरी बदलली नाही, फक्त गरज नीट विचारली. सहा महिन्यांचे बावीस महिने झाले.

चिप शोधायच्या आधी गरज तपासा, असं मी का म्हणतो ते आता कळलं असेल. जास्त ताकदीची चिप घेऊन चुकीची गरज भागवण्यापेक्षा, ज्याला ते वापरायचंय त्याला जाऊन विचारा, "काका, तुम्हाला किती वेळाने आकडा हवा?" तो म्हणेल, "सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा मिळाला तरी खूप."

मग अडलं कुठे?

बॅटरीच्या अटीत ईएसपी३२ बसला. पण पहिली अट आठवा. ६०० मीटर. घरातल्या राउटरचं वाय-फाय मधल्या झाडांतून तिथपर्यंत पोचणार नाही. म्हणजे नोडसाठी वाय-फाय बाद. आणि वाय-फाय बाद झालं की ईएसपी३२ घेण्याचं सगळ्यात मोठं कारणच गेलं.

लांब अंतर, कमी डेटा, कमी वीज या कामासाठी लोरा हा रेडिओ चांगला. भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात कमी ताकदीच्या रेडिओला परवाना लागत नाही. मॉड्यूल घेताना एवढं बघा, की ते याच पट्ट्याचं आहे. ४३३ किंवा ९१५ मेगाहर्ट्झवाली मॉड्यूलही ऑनलाइन समोर येतात, स्वस्त दिसलं म्हणून उचलू नका. आणि पुढे हे विकायचं असेल तर वायरलेस उपकरणाला ईटीए नावाची सरकारी मान्यता लागते, तेही आत्ताच डायरीत टिपून ठेवा.

लोराच्या एसएक्स१२७६ या रेडिओ चिपला १३ डीबीएम ताकदीने पाठवताना सुमारे २९ मिलिअँप लागतात. छोटा संदेश पाठवायला ०.४ सेकंद धरू. २९ गुणिले ०.४ म्हणजे ११.६. सेन्सर वाचायला एक सेकंद, १० मिलिअँप. एकूण झाले २१.६. दर १५ मिनिटांनी पाठवलं तरी भागिले ९०० म्हणजे ०.०२४ मिलिअँप. झोपेतला सगळा खर्च १० मायक्रोअँप धरला तर सरासरी ०.०३४. कागदावर येतात तब्बल आठ वर्षं!

आठ वर्षं चालेल का? नाही. सेल स्वतःच हळूहळू उतरतो, उन्हात डबा तापतो, सेल म्हातारा होतो. म्हणून क्षमतेतला पाव हिस्सा आधीच सोडून द्या आणि उरलेल्यावर हिशेब करा. तरीही आपल्या सहा महिन्यांच्या अटीपेक्षा आपण कितीतरी पुढे आहोत. अशी ऐसपैस जागा उरली की झोप चांगली लागते. आपल्यालाही आणि नोडलाही.

आता उमेदवार बोलवा

रेडिओ ठरला. आता त्याला चालवणारा मायक्रोकंट्रोलर. चार नावं घेऊ.

पहिलं, एटीमेगा३२८पी. अर्दुइनो उनोवरची हीच ती चिप. ८ बिट, ३२ केबी फ्लॅश, २ केबी रॅम. १.८ पासून ५.५ व्होल्टपर्यंत चालते. उनोचा बोर्ड शेतात न्यायचा नाही, नुसती चिप वापरायची. एक काळजी घ्या. उनोवर ही चिप ५ व्होल्टवर १६ मेगाहर्ट्झने धावते. ३.३ व्होल्टवर तेवढा वेग डेटाशीटच्या मर्यादेबाहेर जातो, म्हणून तिथे ८ मेगाहर्ट्झ ठेवायचा. दुसरं असं, की आतला वॉचडॉग टायमर एका वेळी जास्तीत जास्त ८ सेकंद झोपू देतो. १५ मिनिटं झोपायचं तर मध्ये शंभरावर वेळा क्षणभर डोळा उघडून परत मिटायचा. चालतं, पण माहीत हवं.

दुसरं, रास्पबेरी पायचा आरपी२०४०. जानेवारी २०२१ मध्ये पिको बोर्डवर आला, बोर्डाची किंमत ४ डॉलर. दोन कोअर, २६४ केबी रॅम, शिकायला मस्त. पण गाढ झोपेतही ही चिप साधारण ०.१८ मिलिअँप घेते. आपला सगळा सरासरी खर्च ०.०३४ आहे. म्हणजे नुसती झोप पाचपटीहून महाग. चिप वाईट नाही, हे काम तिचं नाही.

तिसरं, एसटीएम३२एफ१०३, म्हणजे 'ब्लू पिल' बोर्डवरची चिप. ७२ मेगाहर्ट्झ, २० केबी रॅम. मोटर फिरवायला, भराभर मोजमाप करायला छान. पण स्वस्त ब्लू पिलवर कधीकधी नक्कल केलेली किंवा दुसऱ्याच कंपनीची मिळतीजुळती चिप असते. शिकायला हरकत नाही, पन्नास नगांच्या मालात मात्र हा जुगार नको.

चौथं, त्याच कुटुंबातली एसटीएम३२एल० मालिका. नावातला 'एल' बघा, तो कमी विजेचा. घड्याळ चालू ठेवून एक मायक्रोअँपच्या आसपास झोपते. आतच रिअल टाइम क्लॉक असल्याने थेट १५ मिनिटांनी किंवा तासाने उठवता येते. याच कंपनीच्या एसटीएम३२डब्ल्यूएल मालिकेत तर लोराचा रेडिओ चिपच्या आतच असतो.

म्हणजे आरपी२०४० आणि ब्लू पिल या कामातून बाद. उरले दोन, एटीमेगा आणि एसटीएम३२एल०.

मेमरी आणि पिना मोजा

इथे बरेच जण अंदाजाने जातात. मोजा. २ केबी रॅम म्हणजे २०४८ बाइट. १२८ बाय ६४ चा छोटा ओएलईडी डिस्प्ले लावलात, तर त्याच्या चित्रासाठीच १०२४ बाइट लागतात. अर्धी रॅम एका डिस्प्लेने खाल्ली! ३२० बाय २४० चा रंगीत डिस्प्ले घेतलात, प्रत्येक ठिपक्याला दोन बाइट, तर एका पूर्ण चित्राला १,५३,६०० बाइट. मग ब्लू पिलच्या २० केबीतही ते मावत नाही. आणि सुरक्षित इंटरनेट जोडणी, म्हणजे टीएलएस, हवी असेल तर येणाऱ्या मजकुराचा एक तुकडाच १६ केबीपर्यंत असू शकतो. २ केबीवाल्याने तिकडे बघूच नये.

आपल्या नोडला डिस्प्ले नाही, इंटरनेट नाही. साधे लोरा संदेश पाठवायचे तर एटीमेगा पुरतो. पण लोरावॅनची पूर्ण लायब्ररी ३२ केबी फ्लॅशमध्ये जेमतेम बसते. मग पुढे एखादा सेन्सर वाढवायचा म्हटलं, की जागेची मारामारी.

पिनांचंही तसंच. उनोवर सहा ॲनालॉग पिना दिसतात. पण त्यातल्या दोन आयटूसीच्याही पिना आहेत. आयटूसी सेन्सर लावला की उरल्या चार. सिरियल पोर्ट एकच, आणि प्रोग्राम टाकायलाही तोच. जीपीएस आणि जीएसएम दोन्ही लावायचं म्हणाल तर तिथेच अडलात.

ईएसपी३२ मध्ये पिना भरपूर दिसतात, पण ३४ ते ३९ या फक्त इनपुटच्या. ॲनालॉगचा दुसरा गट, एडीसी२, वाय-फाय चालू असताना वापरता येत नाही. आणि १२ नंबरच्या पिनला चालू होताना वरचं व्होल्टेज मिळालं, तर साधारण मॉड्यूल सुरूच होत नाही. म्हणून बोर्डाचं चित्र छापायच्या आधी एक तक्ता करा. डावीकडे काम, उजवीकडे पिन नंबर. तक्ता भरला नाही तर चिप बाद.

आपला तक्ता? ओलीचा सेन्सर, एक ॲनालॉग पिन. तापमानाचा डीएस१८बी२०, एक साधी पिन. लोरासाठी एसपीआयच्या तीन, आणि निवड, रीसेट, इंटरप्ट अशा तीन. सेन्सरना वीज द्यायला-तोडायला एक. सेलचं व्होल्टेज मोजायला एक ॲनालॉग. झाल्या दहा. दोन्ही उमेदवार पास.

यातली शेवटची पिन विसरू नका. प्रत्येक संदेशाबरोबर सेलचं व्होल्टेज पाठवा, आणि ॲपमध्ये 'शेवटचा संदेश कधी आला' हे आकड्याच्या शेजारीच मोठ्या अक्षरांत दाखवा. सुरुवातीला आपण ज्या मुकाट्याने मेलेल्या नोडची भीती घातली, त्यावरचं औषध हेच. एक पिन आणि कोडच्या चार ओळी.

व्होल्टेज जुळतंय का?

५ व्होल्टचा सेन्सर आणि ३.३ व्होल्टची चिप, ही जोडी बघून लावा. ईएसपी३२ आणि आरपी२०४० च्या पिना ३.३ व्होल्टच्या. अल्ट्रासॉनिक सेन्सर एचसी-एसआर०४ ची ५ व्होल्टची इको पिन थेट जोडली, तर चिप आज चालेल, उद्या जाईल. एसटीएम३२एफ१०३ च्या बऱ्याच पिना ५ व्होल्ट सहन करतात, पण सगळ्या नाही. कोणत्या, ते डेटाशीटच्या पिन तक्त्यात 'एफटी' असं लिहिलेलं असतं.

आणि सेलकडेही बघा. लिथियम-आयन भरलेला असताना ४.२ व्होल्ट, वापरात ३.७ च्या आसपास. एएमएस१११७ ला आत जाणारं व्होल्टेज बाहेरच्यापेक्षा जवळपास १.१ व्होल्ट जास्त लागतं. ३.७ मधून तो ३.३ देऊच शकत नाही. म्हणजे तो वीजही पितो आणि कामही करत नाही! त्याऐवजी एमसीपी१७०० सारखा रेग्युलेटर घ्या. स्वतःसाठी साधारण १.६ मायक्रोअँप घेतो.

मिळेल का, आणि जोडता येईल का?

२०२१ आठवतंय? चिपचा दुष्काळ पडला होता. गाड्यांचे कारखाने थांबत होते, आणि एसटीएम३२ चे कित्येक प्रकार मिळेनासे झाले होते. ज्यांनी अख्खं डिझाइन एकाच चिपवर बांधलं होतं, त्यांना बोर्ड नव्याने काढावे लागले.

म्हणून दोन गोष्टी करा. कंपनीच्या संकेतस्थळावर त्या चिपपुढे काय शेरा आहे ते बघा. 'नव्या डिझाइनसाठी शिफारस नाही' असं असेल तर कितीही स्वस्त असली तरी सोडा. आणि त्याच पिनांच्या रचनेत बसणारी, कमी-जास्त मेमरीची बहीण चिप आहे का ते बघा. एसटीएम३२ कुटुंबात अशा बहिणी बऱ्याच. एक मिळाली नाही तर दुसरी त्याच बोर्डावर बसते.

पहिल्या एक-दोन नमुन्यांसाठी मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची तपकीर गल्ली आहेच. हातात घेऊन, बघून, दुकानदाराशी बोलून घेता येतं. पण पन्नास नगांसाठी चिप अधिकृत वितरकाकडूनच घ्या, बिलासकट.

जोडण्याचंही बघा. एटीमेगा३२८पी अठ्ठावीस पायांच्या डीआयपीमध्ये मिळते, सॉकेटमध्ये हाताने बसते. क्यूएफएन प्रकारात पाय पोटाखाली असतात, साध्या सोल्डरिंग आयर्नने ते अवघड. रेडिओ शक्यतो तयार मॉड्यूलच घ्या. अँटेनाची आखणी हा वेगळा आणि अवघड विषय आहे.

तर, निकाल

दोन-तीन नोड करून शिकायचं असेल, अर्दुइनो येत असेल, तर नुसती एटीमेगा३२८पी, ८ मेगाहर्ट्झ, ३.३ व्होल्ट आणि लोरा मॉड्यूल. येणाऱ्या हत्याराने काम लवकर होतं, आणि चूक कुठे झाली ते लवकर सापडतं.

पन्नास नोड शेतात लावायचे असतील, तर माझं मत एसटीएम३२एल० च्या बाजूने. झोप चांगली, घड्याळ आत, मेमरीचे पर्याय जास्त, आणि एसटी-लिंक नावाचं छोटं उपकरण लावून कोड चालता चालता मधेच थांबवून आत काय चाललंय ते बघता येतं. ही सोय पहिल्या दिवशी फालतू वाटते. अकराव्या नोडमध्ये काहीतरी विचित्र घडतं, तेव्हा तिची किंमत कळते.

आणि आपला लाडका ईएसपी३२? त्याला घरी ठेवा, अगदी शब्दशः. पन्नास नोडचे लोरा संदेश घेऊन इंटरनेटवर टाकणारा एक गेटवे घरात लागणारच. तिथे वाय-फाय आहे, भिंतीत प्लग आहे, टीएलएसला पुरेल इतकी रॅम हवी आहे. तिथे ईएसपी३२ आणि त्याच्यासोबत एक लोरा मॉड्यूल. घरच्यासारखा दुसरा नाही. एकाच प्रोजेक्टमध्ये एक चिप शेतात बाद आणि घरात पहिली. म्हणून "चांगली कोणती?" या प्रश्नाला कामाशिवाय उत्तरच नसतं.

एक शेवटची गोष्ट, मोजून बघा. कागदावरचा झोपेतला करंट आणि खरा करंट एक असेलच असं नाही. मल्टिमीटर सेलच्या वायरीत जोडून बघा. पण मायक्रोअँपच्या रेंजवर मीटरचा स्वतःचा अडथळा जास्त असतो. नोड जागा होऊन रेडिओ चालू झाला की व्होल्टेज पडतं आणि चिप रीसेट होते. मग आपल्याला वाटतं, कोडच बिघडलाय. उपाय सोपा. मीटरच्या दोन टोकांना एक वायर आडवी लावून ठेवा, नोड झोपला की ती काढा, आकडा वाचा, उठायच्या आधी परत लावा. दहा मायक्रोअँपच्या जागी दोनशे दिसले तर एखादा सेन्सर बंद होत नाहीये किंवा एखादी पिन मोकळी लटकतेय. एकेक भाग काढून बघा, चोर सापडतो.

पुढच्या वेळी मेसेज कराल तेव्हा "कोणता घेऊ?" एवढंच लिहू नका. काम काय, वीज कुठून, किती वेळाने जागं व्हायचं, अंतर किती, पिना किती, नग किती, हे सहा आकडे-उत्तरं लिहून पाठवा. खरं सांगू का? ते लिहिता लिहिताच निम्म्या जणांना आपलं उत्तर सापडेल. ज्यांना नाही सापडणार, त्यांच्या कागदांवर बोलायला मी आहेच.

चला तर मग, कागद काढा. भेटू पुढच्या भागात!